‘साठी बुद्धी नाठी’ : वार्धक्याच्या मानसशास्त्राचा इतिहास आणि पदवी स्तरावरील विषयप्रवेश

प्रस्तावना

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी समाजात इतकी रुळली आहे की तिच्यात एक मानसशास्त्रीय विधान दडलेले आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. वय वाढले की बुद्धी घटते आणि ही घट सर्वांमध्ये जवळपास एकाच वयात सुरू होते, असे ते विधान आहे. पदवी वर्गात विकासात्मक मानसशास्त्र शिकण्यासाठी येणारा अठरा-वीस वर्षांचा विद्यार्थी हे विधान घरूनच सोबत आणतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्रानेही आकडे व आलेख यांच्या आधारे जवळपास हेच सांगितले होते. पुढे त्याच शास्त्राला आपले म्हणणे तपासून दुरुस्त करावे लागले.

प्रस्तुत लेखात या दुरुस्तीच्या इतिहासाचा मागोवा घेतला आहे. पदवी स्तरावर वार्धक्य हा घटक बहुधा अभ्यासक्रमाच्या अखेरीस येतो व ऱ्हासाच्या लक्षणांची यादी म्हणून शिकवला जातो. ही यादी कोणत्या पद्धतीने आणि कोणाची कोणाशी तुलना करून तयार झाली, हे विद्यार्थ्यांपुढे ठेवल्यास विषयाचा प्रवेश अधिक प्रामाणिक होतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

मोजमापाचा आरंभ

वार्धक्याविषयीचे चिंतन प्राचीन असले तरी वय आणि क्षमता यांचा संबंध आकड्यांत मांडण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. बेल्जियन सांख्यिकीतज्ज्ञ अडॉल्फ केतले यांनी १८३५ मध्ये मानवी क्षमतांच्या विकासावर ग्रंथ प्रसिद्ध केला. शारीरिक बळाबरोबरच नाटककारांची निर्मिती वयानुसार कशी बदलते, याचीही आकडेवारी त्यांनी त्यात मांडली होती. १८८४ मध्ये लंडन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गाल्टन यांनी मानवमापन प्रयोगशाळा उघडली. तीन पेन्स शुल्क भरून ९,३०० हून अधिक व्यक्तींनी तेथे दृष्टी, श्रवण, हाताची पकड इत्यादींचे मोजमाप करून घेतले. वयाबरोबर उच्च स्वर ऐकण्याची क्षमता घटते, यासारख्या निरीक्षणांचा पाया या मोजमापांतून घातला गेला.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी या विषयाला नावे मिळाली. एली मेचनिकॉफ यांनी १९०३ मध्ये ‘जेरोंटॉलॉजी’ ही संज्ञा रूढ केली, तर इग्नाझ नॅशर यांनी १९०९ मध्ये वृद्धांच्या वैद्यकासाठी ‘जेरियाट्रिक्स’ हा शब्द योजला. दोघांचाही दृष्टिकोन जीवशास्त्राचा व वैद्यकाचा होता. वृद्धाच्या मनाचा स्वतंत्र विचार अद्याप व्हायचा होता.

स्टॅन्ली हॉल : वृद्धाने लिहिलेले वार्धक्य

हे काम ग्रॅनव्हिल स्टॅन्ली हॉल यांनी केले. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे ते १८९२ मधील पहिले अध्यक्ष होते. १९०४ च्या त्यांच्या द्विखंडात्मक ग्रंथाने पौगंडावस्थेला मानसशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळवून दिले. १९२० मध्ये क्लार्क विद्यापीठाच्या अध्यक्षपदावरून निवृत्त झाल्यानंतर त्यांनी ‘सेनेसन्स’ हा ग्रंथ लिहिला. १९२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा हॉल यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. ज्येष्ठ व्यक्तींना प्रश्नावली पाठवून मिळवलेली उत्तरे, साहित्य, वैद्यक आणि स्वतःचे निवृत्तीचे अनुभव असे विविध साहित्य त्यांनी त्यात एकत्र केले.

पौगंडावस्थेप्रमाणेच वार्धक्यालाही स्वतःच्या भावना, स्वतःचे विचार आणि स्वतःची मानसिक घडण असते, हा हॉल यांचा मुख्य सिद्धान्त होता. वार्धक्य म्हणजे तारुण्याची उणे बाजू, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. वृद्धांमध्ये परस्परभेद अधिक असतात, या त्यांच्या निरीक्षणाचे महत्त्व पुढील संशोधनाने अधोरेखित केले. मात्र पौगंडावस्थेवरील ग्रंथाचे जसे स्वागत झाले तसे या ग्रंथाचे झाले नाही. मानसशास्त्र त्या काळात बालकाकडे आणि शाळेकडे वळले होते.

याच काळात स्टॅनफर्ड विद्यापीठातील लिलियन मार्टिन यांनी वेगळ्या मार्गाने या विषयाला हात घातला. १९१६ मध्ये वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांना निवृत्त व्हावे लागले. सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी बालमार्गदर्शनाचे काम केले व १९२९ मध्ये तेथेच वृद्धांसाठी समुपदेशन केंद्र सुरू केले. विषयाच्या या दोन्ही प्रवर्तकांनी निवृत्तीनंतर तो हाती घेतला, ही बाब बोलकी आहे. तरुण संशोधकांना तो अद्याप आपला वाटत नव्हता.

ऱ्हासाचा आलेख कसा घडला

वृद्धांच्या बुद्धीविषयीचे तत्कालीन मत हॉल यांच्या ग्रंथापेक्षा सैन्याच्या चाचण्यांनी अधिक घडवले. पहिल्या महायुद्धात, १९१७-१८ मध्ये, अमेरिकन सैन्यातील सुमारे १७ लाख व्यक्तींना रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या बुद्धिमापन चाचण्या देण्यात आल्या. १९२१ च्या अहवालात अधिकाऱ्यांचे गुण वयोगटानुसार मांडले गेले, तेव्हा तरुण अधिकाऱ्यांपेक्षा वयस्कांचे गुण कमी दिसले. प्रत्येक वयोगटाचा एकेक बिंदू घेऊन ते रेषेने जोडले की उतरता आलेख तयार होत असे. वाचणाऱ्याला तो एका माणसाच्या आयुष्याचा आलेख वाटे.

१९२८ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक यांनी प्रौढांच्या शिकण्यावरील ग्रंथात सांगितले की शिकण्याची क्षमता विशीत शिखर गाठते आणि नंतर वर्षाला सुमारे एक टक्का या दराने घटते. प्रौढ माणूस शिकू शकतो, असे थॉर्नडाइक यांना सांगायचे होते. ऱ्हासाच्या आलेखाची कल्पना मात्र त्यांच्याही ग्रंथाने दृढ केली. हॅरल्ड जोन्स आणि हर्बर्ट कॉनरॅड यांनी अधिक काटेकोर प्रयत्न केला. सैन्यातील नमुना सर्वसामान्य समाजाचा प्रतिनिधी ठरत नाही, हे ओळखून ते न्यू इंग्लंडमधील खेड्यांत गेले. गावकऱ्यांना विनामूल्य चित्रपट दाखवून त्यांनी १० ते ६० वयाच्या सुमारे १,२०० व्यक्तींची चाचणी घेतली. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत एकूण गुणांची घसरण दिसली, परंतु शब्दसंग्रह आणि सामान्य माहिती या उपचाचण्यांत ती जवळजवळ नव्हती. घसरण सर्व क्षमतांत सारखी नसते, ही गोष्ट येथेच नोंदली गेली होती.

१९३९ मध्ये डेव्हिड वेक्स्लर यांनी प्रौढांसाठी बुद्धिमापन चाचणी तयार केली. प्रत्येक व्यक्तीची तुलना तिच्याच वयोगटाशी करण्याची सोय तिच्यात होती. वाढत्या वयाबरोबर गुण कमी होणे ही सर्वसाधारण बाब होय, असे गृहीत अशा रीतीने प्रमाणकांतच समाविष्ट झाले. पुढील दोन दशके मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हाच उतरता आलेख छापला जात राहिला.

या आलेखात एक मूलभूत अडचण होती. १९३० च्या सुमारास ज्या साठ वर्षांच्या माणसाची वीस वर्षांच्या तरुणाशी तुलना होत होती, तो १८७० च्या आसपास जन्मलेला होता. १९०० साली अमेरिकेत सतरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ६ टक्के मुले हायस्कूल पूर्ण करीत. १९४० पर्यंत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. चाचणी कागदावरची होती, वेळेच्या मर्यादेत सोडवायची होती आणि शाळेच्या सरावाला अनुकूल होती. गुणांतील फरक वयाचा की शालेय शिक्षणाचा, हे त्या आलेखावरून ठरवता येत नव्हते. एकाच वेळी भिन्न वयाच्या व्यक्तींची तुलना करणाऱ्या छेदात्मक पद्धतीची ही अंगभूत मर्यादा होय.

आयोवा आणि सिॲटल : त्याच माणसांकडे पुन्हा

यावर उपाय एकच होता. तो म्हणजे त्याच व्यक्तींची काही वर्षांनी पुन्हा चाचणी घेणे. या अन्वायाम पद्धतीची संधी विल्यम ओवेन्स यांना जुन्या कागदपत्रांमुळे मिळाली. १९१९ मध्ये आयोवा स्टेट कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी सैन्याची ‘अल्फा’ चाचणी दिली होती. त्यांतील १२७ जणांना ओवेन्स यांनी सुमारे तीस वर्षांनंतर शोधून काढले व तीच चाचणी पुन्हा दिली. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अनपेक्षित होते. पन्नाशीच्या आसपास पोहोचलेल्या या व्यक्तींचे एकूण गुण घटले नव्हते. ते वाढले होते. १९५५ मध्ये नॅन्सी बेली आणि मेलिटा ओडन यांनी लुईस टर्मन यांच्या अभ्यासातील व्यक्तींची पुनर्चाचणी केली, तेव्हाही प्रौढ वयात वाढच आढळली.

दोन पद्धती दोन परस्परविरोधी उत्तरे देत होत्या. हा विरोध सोडवण्याचे काम वॉर्नर शाय यांनी हाती घेतले. वॉशिंग्टन विद्यापीठातील डॉक्टरेटच्या संशोधनासाठी त्यांनी १९५६ मध्ये सिॲटल परिसरातील एका आरोग्य सहकारी संस्थेच्या सभासदांमधून विशी ते सत्तरी या वयांतील ५०० व्यक्ती निवडल्या. त्या वर्षीच्या आकडेवारीत नेहमीचाच उतरता आलेख दिसला. १९६३ मध्ये त्याच व्यक्तींची पुन्हा चाचणी घेतली असता साठीपर्यंत बहुतेक क्षमता टिकून असल्याचे किंवा वाढल्याचे आढळले. आकलनाच्या वेगात मात्र घट अगोदर सुरू होत होती. याच वेळी नव्या व्यक्तींचा गटही अभ्यासात घेण्यात आला आणि दर सात वर्षांनी हा क्रम चालू राहिला. वय, जन्माचा काळ आणि चाचणीचा काळ या तीन घटकांचा प्रभाव वेगवेगळा कसा तपासावा, याचे प्रारूप शाय यांनी १९६५ मध्ये मांडले.

सिॲटलच्या अभ्यासातून पुढे आलेले चित्र म्हणीपेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचे आहे. साठीनंतर सरासरी घट दिसू लागते. परंतु एक्याऐंशी वर्षांच्या वयातही आधीच्या सात वर्षांत निश्चित घट झालेल्यांचे प्रमाण निम्म्यापेक्षा कमी होते. १९८६ मध्ये शाय आणि शेरी विलिस यांनी चौसष्ट वर्षांवरील व्यक्तींना प्रत्येकी एक तासाची पाच प्रशिक्षण सत्रे दिली. ज्यांची क्षमता चौदा वर्षांत घटली होती त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्के व्यक्ती पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आल्या. घट झाली तरी तिचा काही भाग वापराच्या अभावाशी निगडित असतो, हा अर्थ त्यातून निघतो.

दुरुस्तीचीही तपासणी

येथेच थांबल्यास एका म्हणीची जागा दुसऱ्या म्हणीने घेतल्यासारखे होईल. अन्वायाम पद्धतीतही दोष आहेत. दीर्घ अभ्यासात आजारी, दुर्बळ व कमी गुण मिळवणाऱ्या व्यक्ती अधिक प्रमाणात गळतात; टिकून राहतात त्या मुळातच सुदृढ असतात. तीच चाचणी पुन्हा दिल्याने सरावाचा लाभही मिळतो. पॉल बाल्टेस आणि शाय यांनी १९७४ मध्ये बौद्धिक ऱ्हासाला मिथक म्हटले, तेव्हा जॉन हॉर्न आणि गॅरी डोनाल्डसन यांनी १९७६ मध्ये त्याला सविस्तर उत्तर दिले. टिमथी सॉल्टहाउस यांनी २००९ मध्ये असे मांडले की काही क्षमतांतील घट निरोगी सुशिक्षित प्रौढांमध्ये विशी-तिशीतच सुरू होते. हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही.

वादातून उपयुक्त भेद मात्र स्पष्ट झाला. रेमंड कॅटेल आणि हॉर्न यांनी १९६० च्या दशकात बुद्धिमत्तेचे प्रवाही आणि स्फटिकीभूत असे दोन प्रकार विशद केले. नवीन प्रश्न वेगाने सोडवण्याची प्रवाही क्षमता लवकर उतरू लागते. अनुभव, भाषा आणि ज्ञान यांवर आधारलेली स्फटिकीभूत क्षमता दीर्घकाळ टिकते. न्यू इंग्लंडच्या खेड्यांत दिसलेल्या विसंगतीचे स्पष्टीकरण यातून मिळाले.

भावनिक आणि सामाजिक अंगांबाबतही असेच घडले. इलेन कमिंग व विल्यम हेन्री यांनी १९६१ मध्ये असे मांडले की वृद्ध आणि समाज परस्परांपासून दूर होत जातात व ही प्रक्रिया स्वाभाविक आहे. रॉबर्ट हॅविगहर्स्ट, बर्निस न्यूगार्टन प्रभृतींच्या संशोधनाने हा एकच मार्ग सर्वांचा नसल्याचे दाखवले. मार्गारेट व पॉल बाल्टेस यांनी १९९० मध्ये निवड, उत्तमीकरण आणि भरपाई ही संकल्पना मांडली. उतारवयातील पियानोवादक आर्थर रूबिनस्टाइन यांचे उदाहरण त्यांनी दिले. ते मोजक्याच रचना निवडत, त्यांचा अधिक सराव करत आणि जलद भागाआधीचा भाग संथ वाजवून वेगाचा आभास निर्माण करत. घट स्वीकारून तिच्यावर मात कशी करता येते, हे विद्यार्थ्यांना या एका उदाहरणातून सहज समजते.

पूर्वग्रहाचा परिणाम

वार्धक्याच्या मानसशास्त्रात वृद्धाबरोबरच वृद्धाकडे पाहणारी नजरही अभ्यासविषय ठरली. वयावरून होणाऱ्या भेदभावासाठी रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये ‘एजिझम’ ही संज्ञा वापरली. अर्डमन पामोर यांनी १९७७ मध्ये वार्धक्याविषयीच्या वस्तुस्थितीवर आधारित पंचवीस ‘बरोबर की चूक’ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. वर्गातील चर्चेला आरंभ करून देणारे साधन म्हणून तिचा विशेष उपयोग झाला.

या नजरेचे मोल किती, हे बेका लेव्ही यांच्या संशोधनाने दाखवले. ओहायो राज्यातील एका गावातील पन्नाशी ओलांडलेल्या ६६० व्यक्तींच्या दीर्घ अभ्यासाचे त्यांनी २००२ मध्ये विश्लेषण केले. स्वतःच्या वार्धक्याकडे सकारात्मकतेने पाहणाऱ्या व्यक्ती इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगल्या होत्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात पन्नाशीच्या आतील व्यक्तींची वृद्धांविषयीची मते व त्यांना पुढील आयुष्यात झालेले हृदयविकार यांचा संबंध तपासला गेला. प्रतिकूल मते बाळगणाऱ्यांमध्ये असे आजार अधिक आढळले. हे निष्कर्ष सहसंबंधावर आधारलेले असल्याने त्यांतून कार्यकारणाची खात्री देता येत नाही. तरीही वीस वर्षांच्या विद्यार्थ्याची वृद्धांविषयीची समजूत ही त्याच्या स्वतःच्या भविष्याविषयीची समजूत असते, एवढा बोध शिक्षकाला पुरेसा आहे.

भारतीय संदर्भ आणि अध्यापन

भारतात या विषयाची पायाभरणी करणाऱ्यांमध्ये तिरुपती येथील श्री वेंकटेश्वर विद्यापीठातील पी. व्ही. राममूर्ती यांचे नाव अग्रभागी आहे. १९९९ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर झाले आणि २००७ मध्ये माता-पिता व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा संमत झाला. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये झालेल्या दीर्घकालीन वार्धक्य अभ्यासाच्या पहिल्या फेरीत ७२,००० हून अधिक व्यक्तींची माहिती घेण्यात आली. त्याच व्यक्तींकडे पुन्हा जाण्याचे तत्त्व या अभ्यासाने स्वीकारले आहे.

जन्मकाळाच्या फरकाचा मुद्दा भारतात अमेरिकेपेक्षाही तीव्र आहे. १९५१ मध्ये देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती. २०११ मध्ये ती सुमारे ७३ टक्के झाली. पंचाहत्तर वर्षांची ग्रामीण आजी आणि तिची पदवी वर्गातील नात यांना कागद-पेन्सिलीची एकच चाचणी देऊन वयाचा परिणाम मोजता येणार नाही. त्या दोघींमधील मोठे अंतर शाळेचे आहे. यर्क्स यांच्या आलेखातील दोष विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी याहून जवळचे उदाहरण नाही.

त्या अनुषंगाने अध्यापनाची दिशा सुचवता येते. प्रथम विद्यार्थ्यांच्या समजुती प्रश्नावलीतून लिहून घ्याव्यात. त्यानंतर १९२१ चा उतरता आलेख आणि ओवेन्स यांचे निष्कर्ष शेजारी ठेवून त्यांतील विरोधाचे कारण विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. शब्दसंग्रह व अंकांची जलद नोंद अशा दोन सोप्या कृती घरातील तीन पिढ्यांना देऊन, प्रत्येकाच्या शालेय वर्षांची नोंद करण्याचे प्रात्यक्षिकही घेता येईल. संमती, गोपनीयता आणि ज्येष्ठांचा अवमान होणार नाही याची दक्षता ही त्याची पूर्वअट असावी.

या विषयासाठी अनेक महाविद्यालयांत वृद्धाश्रमाला भेट आयोजित केली जाते. तिचा हेतू चांगला असला तरी भारतातील बहुसंख्य वृद्ध कुटुंबासोबत राहतात. केवळ वृद्धाश्रम पाहून परतणारा विद्यार्थी एका छोट्या, विशिष्ट गटावरून सर्व वृद्धांविषयी मत बनवतो. नमुना-निवडीतील हाच दोष विषयाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा आढळतो. भेटीस जोडून ज्येष्ठ नागरिक संघ, शेतात राबणारे वृद्ध आणि नातवंडे सांभाळणाऱ्या आज्या यांच्याही मुलाखती घेतल्यास चित्र पूर्ण होण्यास मदत होईल.

समारोप

वार्धक्याच्या मानसशास्त्राने शंभर वर्षांत दिलेले सर्वांत महत्त्वाचे उत्तर पद्धतीविषयीचे आहे. एकाच दिवशी भेटलेल्या तरुण आणि वृद्ध व्यक्तींमधील फरक म्हणजे एका माणसाचे म्हातारे होणे नव्हे, हे समजायला या शास्त्राला सुमारे तीन दशके लागली. त्यानंतरही घटीचे वास्तव नाकारता आले नाही. ती कोणत्या क्षमतेत, कोणाच्या बाबतीत व केव्हा होते, हे प्रश्न मात्र नेमके झाले. पदवीचा विद्यार्थी पुढे मानसशास्त्रज्ञ होईलच असे नाही. तो मुलगा, सून, परिचारिका, बँक कर्मचारी किंवा शिक्षक म्हणून वृद्धांच्या संपर्कात येईल आणि यथावकाश स्वतःही वृद्ध होईल. ‘साठी बुद्धी नाठी’ असे कोणी म्हणाले असता, हे कोणाशी तुलना करून ठरवले, असा प्रश्न त्याच्या मनात उमटला, तर अभ्यासक्रमाच्या अखेरीस येणाऱ्या या घटकाने आपले काम केले असे म्हणता येईल.